वाड्याचा फोटो रंगीत ठेवू की ब्लॅक अँड व्हाइट? एका हरवलेल्या दाराची गोष्ट

गेल्या वर्षी आमचा पुण्यातला वाडा रिडेव्हलपमेंटला गेला. किल्ल्या द्यायच्या आदल्या रविवारी मी फोन घेऊन सकाळी सातपासून दुपारी दोनपर्यंत फोटो काढत होते. दोनशेच्या वर निघाले. त्यातला एक मोठा प्रिंट करून आत्याला द्यायचा असं ठरलं. तिचा जन्म त्याच वाड्यातला, आणि तिच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये फ्रेम लावण्यापुरती एकच भिंत मोकळी आहे. म्हणजे फोटो एकच लागणार, आणि तो कायमचा.

मी दर्शनी भिंतीचा फोटो निवडला. खाली काळ्या दगडाचं जोतं, वर गिलावा पडून उघड्या झालेल्या विटा, मधोमध हिरव्या ऑइलपेंटचं दार, त्यावर लाकडी सज्जा. जुनी वास्तू म्हणजे ब्लॅक अँड व्हाइटच, हे माझ्या डोक्यात पक्कं होतं. गॅलरीत एडिट उघडलं, मोनो फिल्टर लावला, थोडा कॉन्ट्रास्ट वाढवला, झालं काम. स्टेटसला टाकला तर ‘क्लासिक!’, ‘फ्रेम कर’ वगैरे रिप्लाय आले. मग आत्याला दाखवला. तिने चष्मा लावला, फोन जवळ धरला, लांब धरला आणि म्हणाली, “छान आलाय गं. पण दार कुठे गेलं?”

दार होतं तिथेच. पण बघितलं तर खरंच दिसत नव्हतं. विटा आणि दार एकाच राखाडी रंगाचे झाले होते. मधे फक्त चौकटीची एक बारीक काळी रेघ उरली होती.

दार नेमकं गेलं कुठे?

आपल्या फोनमधला कुठलाही फोटो लाल, हिरवा आणि निळा या तीन आकड्यांवर चालतो. प्रत्येक पिक्सेलला या तिघांचा ० ते २५५ मधला एकेक आकडा असतो. मोनो फिल्टर हे तीन आकडे एकत्र करून एकच आकडा बनवतो, तोच त्या पिक्सेलचा राखाडीपणा. पण साधी सरासरी काढली जात नाही. आपल्या डोळ्याला हिरवा जास्त उजळ वाटतो आणि निळा सगळ्यात कमी, म्हणून नेहमीच्या एका सूत्रात लालचे २९.९ टक्के, हिरव्याचे ५८.७ टक्के आणि निळ्याचे ११.४ टक्के धरतात. सगळी ॲप्स हेच सूत्र वापरतात असं नाही, पण तत्त्व तेच.

आता एक वीट घेऊ: लाल १६०, हिरवा ८०, निळा ६०. आणि ऑइलपेंटचं दार घेऊ: लाल ६०, हिरवा १३०, निळा ७०. डोळ्यांना हे दोन रंग एकमेकांचे शत्रू वाटतात. सूत्रात टाका. विटेचं उत्तर येतं १०२. दाराचंही १०२. कॅल्क्युलेटरवर करून बघा, मीही दोनदा केलं.

रंग वेगळे असले तरी त्यांचा उजळपणा सारखा असू शकतो, आणि मोनो फिल्टरला फक्त उजळपणा कळतो. कॉन्ट्रास्टचा स्लायडर कितीही ओढा, १०२ आणि १०२ मधे फरक पडणार नाही. दोन्ही एकत्रच गडद होतील किंवा एकत्रच उजळतील.

याच्या उलट उदाहरण मुंबईत चर्चगेटसमोर आहे. १९३८ साली सुरू झालेलं इरॉस थिएटर. त्याच्या दर्शनी भागात लाल दगड आणि क्रीम रंग आहे. तिथे साधा मोनो फिल्टरही चालून जातो, कारण क्रीम मुळातच लालपेक्षा कितीतरी उजळ आहे. रंग गेला तरी पट्टे पट्टेच राहतात. त्यामुळे आपल्या इमारतीचे रंग उजळपणातही वेगळे आहेत का, हे आधी तपासायचं. तपासणी सोपी आहे: मोनो लावा, फोटो थंबनेलएवढा लहान करा, फोन हातभर लांब धरा. इमारतीचे मुख्य भाग वेगळे कळले तर पुढे जा. कळले नाहीत तर माझ्यासारखं दार हरवलंय.

ब्लॅक अँड व्हाइट एकच नसतो

मी हार मानली नव्हती. स्नॅपसीडमध्ये ब्लॅक अँड व्हाइट नावाचं वेगळं टूल आहे आणि त्यात लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा असे रंगीत फिल्टर मिळतात. लाइटरूमच्या मोबाइल ॲपमध्ये फोटो ब्लॅक अँड व्हाइट केला की आठ रंगांचे स्लायडर येतात. मेनूची जागा अपडेटनुसार हलते, पण शोधलं की सापडतं. यांचं काम असं की कुठल्या रंगाला किती उजळ राखाडी द्यायचा, ते तुम्ही ठरवायचं.

माझ्या फोटोवर लाल फिल्टर लावला तर वीट उजळ झाली आणि दार जवळजवळ काळं. वरच्या आकड्यांत फक्त लालचा आकडा बघा: वीट १६०, दार ६०. हिरवा फिल्टर लावला तर बरोबर उलटं: वीट ८०, दार १३०. उजळ दार, गडद भिंत. दार परत आलं, आणि दोन वेगवेगळ्या रूपांत आलं.

आता खरं दार कुठलं? मी अर्धा तास दोन्ही फोटो मागेपुढे करत बसले. काळं दार म्हटलं की वाडा बंद, ओसाड वाटायचा. उजळ दार म्हटलं की नुकतंच रंगवल्यासारखं वाटायचं. दोन्ही फोटो देखणे होते आणि दोन्हींत मी काहीतरी सांगत होते जे त्या दाराने कधी सांगितलं नव्हतं. ते दार साधं हिरवं होतं. दर दोन-तीन दिवाळ्यांनी आजोबा तोच डबा आणून तोच हिरवा मारायचे.

फिल्टरची ही कल्पना फोनची नाही बरं का. फिल्मच्या काळात लेन्ससमोर खरी रंगीत काच लावायचे. अमेरिकन फोटोग्राफर ॲन्सेल ॲडम्स यांनी १९२७ मध्ये योसेमिटीमधल्या हाफ डोम कड्याचा फोटो लाल काचेतून घेतला आणि निळं आकाश जवळपास काळं करून टाकलं. आज इन्स्टावर किल्ल्यांच्या, देवळांच्या फोटोंमागे जे काळंकुट्ट आकाश दिसतं ते याच युक्तीचं नातवंड. गंमत म्हणजे लोक त्याला ‘जुना लुक’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकातले इमारतींचे फोटो बघितलेत तर त्यात आकाश बहुतेक वेळा कोरं पांढरं असतं, कारण तेव्हाच्या काचेच्या प्लेट्सवर मुख्यतः निळा प्रकाशच उमटायचा आणि आकाश भसकन जळून जायचं.

फोनवर हे काळं आकाश करताना एक सांभाळा. साधी जेपीईजी फाइल असेल तर निळा स्लायडर पूर्ण खाली ओढू नका. या फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्याच असतात, शिवाय जागा वाचवायला रंगाची माहिती जास्त दाबलेली असते. ताणलं की आकाशात पट्टे आणि चौकोनी डाग येतात, आणि कौलांच्या कडेने एक पांढरी किनार दिसायला लागते. फोनच्या स्क्रीनवर ते खपून जातं, प्रिंटमध्ये नाही. रॉ फाइल काढली असेल तर बरंच जास्त ओढता येतं.

रंगच इमारत असेल तर?

पणजीच्या फोंतेनहास भागात गेला असाल तर आठवा. पिवळी, निळी, गेरूच्या लाल रंगाची घरं, कडांना पांढऱ्या पट्ट्या. त्या गल्लीचा फोटो ब्लॅक अँड व्हाइट केला की खिडक्या उरतात, कौलं उरतात, पण शेजारची दोन घरं वेगळी का दिसायची ते उरत नाही. तिथे रंग हा इमारतीवर चढवलेला मेकअप नाही, घराची ओळखच तीच आहे.

उलट वेरूळचं कैलास लेणं घ्या. बेसॉल्टचा अखंड डोंगर, आधीच जवळपास राखाडी. तिथे ब्लॅक अँड व्हाइट केल्याने फार काही हरवत नाही आणि कोरीवकामावरची ऊन-सावली मात्र उठून दिसते. पण तिथेही जरा जवळ जाऊन बघा, काही ठिकाणी जुना गिलावा आणि रंगाचे अंश अजून चिकटलेले आहेत. म्हणजे ते मुळात रंगवलेलं होतं. आपण ज्याला दगडाचा मूळ रंग म्हणतो तो काळाने धुऊन काढलेला आहे.

चंदीगडचं हायकोर्ट हा माझा आणखी एक आवडता पेच. ल कॉर्बुझिएची इमारत, राखाडी काँक्रीट, आणि प्रवेशापाशी तीन उंच खांब: एक हिरवा, एक पिवळा, एक लाल. काँक्रीटचा खडबडीतपणा, छपराखालची सावली हे सगळं ब्लॅक अँड व्हाइटमध्ये जबरदस्त येतं. पण ते तीन खांब मग नुसते तीन खांब होतात. माझं मत विचाराल तर खांब फ्रेममध्ये असतील तर रंग ठेवावा, नसतील तर खुशाल काढावा.

तर मी आता स्वतःला एकच प्रश्न विचारते: ही इमारत बघितलेल्या माणसाला फोनवर तिचं वर्णन करायचं असेल तर मी काय सांगेन? ‘ते हिरव्या दाराचं घर’ असं तोंडातून आलं तर फोटो रंगीत. ‘तो वळणाचा जिना’ असं आलं तर ब्लॅक अँड व्हाइट करून बघायला हरकत नाही.

जिन्याचा फोटो

हो, जिना होता. भिंतीतून वर जाणारा, अरुंद, सागवानी, पायऱ्या मधोमध झिजलेल्या. याचा रंगीत फोटो मी दोन तास दुरुस्त करत होते. खाली ट्यूबलाइटचा हिरवट उजेड, मधे पिवळा बल्ब, वरून झरोक्यातून येणारं निळसर ऊन. व्हाइट बॅलन्स एकाला जुळवला की बाकीचे दोन बिघडत. खाली पायरीजवळ निळी ताडपत्री आणि लाल बादली पडलेली. डोळा दर वेळी आधी बादलीवर जायचा.

ब्लॅक अँड व्हाइट केला आणि तीन प्रकारचे उजेड एका झटक्यात एकच झाले. बादली गेली नाही, पण गप्प बसली. अंधारात काढल्यामुळे जे रंगीत ठिपके आले होते ते गेले, उरला तो नॉइज फिल्मच्या दाण्यांसारखा दिसायला लागला. पायऱ्यांची झीज, कठड्यावर पडलेला उजेड, वरचा काळोख, एवढंच राहिलं. इथे रंग काढल्याने कळायचं ते जास्त कळलं.

एक मात्र खरं: ब्लॅक अँड व्हाइटमध्ये वाकड्या रेघा लपत नाहीत. रंग गेला की डोळ्याला धरायला रेघाच उरतात. म्हणून रंगाचा निर्णय घ्यायच्या आधी पर्स्पेक्टिव्ह टूलने उभ्या रेघा सरळ करून घ्या. त्यात कडा कापल्या जातात, म्हणून फोटो काढतानाच चारी बाजूंनी थोडी मोकळी जागा सोडा.

आणि रंगीत फोटो दुरुस्त करताना एक वाड्याची खास गोची. व्हाइट बॅलन्ससाठी ॲप सांगतं की पांढऱ्या जागेवर टॅप करा. मी चुन्याच्या भिंतीवर टॅप केलं आणि सगळा फोटो पिवळा झाला. कारण चुन्यात नीळ होती! भिंत पांढरी नव्हतीच, निळसर होती. ॲपने तिला पांढरं करायला पिवळा ओतला. मग जोत्याच्या काळ्या दगडावर टॅप केलं, तो बऱ्यापैकी राखाडी असतो, तेव्हा विटा विटांसारख्या झाल्या.

जे परत येत नाही

आता माझी खरी चूक सांगते. दुपारी माजघरात अंधार होता, म्हटलं मूडी येईल, म्हणून कॅमेऱ्याचाच मोनो मोड लावला. चौदा फोटो काढले. माजघर, कोनाडे, देवघराची जागा. नंतर मोड बदलायचा विसरले ते विसरलेच. तेव्हा वाटलं, रंगीत हवा असेल तर एडिटमध्ये जाऊन परत आणू.

येत नाही. फोनचा मुख्य सेन्सर रंगीतच बघतो. त्यावर लाल, हिरव्या, निळ्या बारीक फिल्टरची जाळी असते, त्यात निम्मे हिरवे. पण माझ्या तेव्हाच्या फोनचा मोनो मोड रंग टाकून देऊन मगच फाइल सेव्ह करत होता. प्रत्येक पिक्सेलचे तिन्ही आकडे सारखे. १०२, १०२, १०२. ती वीट होती की दार, हे त्या फाइलला आता माहीत नाही. सगळे फोन असे वागत नाहीत. आयफोनच्या कॅमेऱ्यात लावलेला फिल्टर नंतर एडिटमध्ये जाऊन काढता येतो. तुमचा फोन काय करतो हे आजच एक फोटो काढून तपासा, घरातल्या कुठल्याही रंगीत वस्तूचा.

एआयने रंग भरणारी ॲप्स वापरून पाहिली. एकाने माजघराची भिंत क्रीम केली, दुसऱ्याने फिकट हिरवी. दोन्ही अगदी खऱ्यासारख्या दिसत होत्या. पण ॲपने अशा इतर खोल्यांचे फोटो बघून अंदाज बांधलेला असतो. आमच्या भिंतीबद्दल त्याला काय ठाऊक? बाबा म्हणतात भिंत पिस्ता रंगाची होती. आत्या म्हणते, “काहीतरीच काय, आकाशी होती. मी त्या भिंतीला टेकून अभ्यास केलाय.” आणि आता जाऊन बघायला ती भिंत नाही.

ब्लॅक अँड व्हाइटचा अंदाज घेत फोटो काढायचा असेल तर त्यासाठी एक चांगली युक्ती आहे, जी मला तेव्हा माहीत नव्हती. फोनच्या सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी विभागात स्क्रीनचे रंग बदलण्याची सोय असते, त्यात ग्रेस्केल निवडा. अख्खा स्क्रीन राखाडी होतो, कॅमेराही राखाडी दिसतो, पण फोटो मात्र पूर्ण रंगीत सेव्ह होतो, कारण बदल फक्त स्क्रीनपुरता असतो. कुठे उजळपणा सारखा आहे, कुठे दार हरवतंय, ते तिथल्या तिथे कळतं. घरी येऊन ग्रेस्केल बंद केलं की रंग जागेवर.

बाकी काळजी नेहमीचीच. एडिट केलेला फोटो मूळ फोटोवर सेव्ह न करता कॉपी म्हणून सेव्ह करा. आणि इमारत पडणार असेल तर आधी प्रत्येक खोलीचा एक तरी साधा, रंगीत, भरपूर उजेडातला फोटो काढून ठेवा, तो कितीही कंटाळवाणा दिसला तरी. मूड नंतर.

प्रिंट

दर्शनी भिंतीचा रंगीत फोटो १२×१८ इंचात केला. माझा फोटो १२ मेगापिक्सेलचा, म्हणजे ४००० बाय ३०००. १८ इंचांवर ४००० पिक्सेल पसरले की इंचाला २२२ येतात, भिंतीवर लावायला पुरेसे. मात्र ४:३ चा फोटो या मापात वर-खाली कापला जातो, म्हणून क्रॉप आपणच करून द्यावा, नाहीतर स्टुडिओवाला सज्जा कापेल. फाइल व्हॉट्सॲपवर पाठवायची असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून पाठवली की ती दाबली जाते.

जिन्याचा ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट पहिल्यांदा चक्क हिरवट आला. बरेचसे लॅब ब्लॅक अँड व्हाइट फोटोही रंगीत कागदावरच काढतात, त्यामुळे मशीन जराशी हलली तरी राखाडीत रंग डोकावतो. रंगीत फोटोत हे लक्षात येत नाही, ब्लॅक अँड व्हाइटमध्ये लगेच येतं. म्हणून आधी ४×६ चा एक नमुना काढून तो बाहेर उन्हात नेऊन बघा. दुकानातल्या ट्यूबखाली सगळंच ठीक दिसतं. मला दोन नमुने काढावे लागले.

तो जिना आता माझ्या टेबलासमोर आहे. हिरवं दार आत्याच्या हॉलमध्ये, सोफ्याच्या वर. माजघराच्या भिंतीचा वाद अजून मिटलेला नाही. मागच्या आठवड्यात काकूने तिसरा रंग सुचवला.